धुऱ्याची मोजणी आणि उपग्रहाचा दुभाषी

धानाच्या मुलखात धुऱ्याला जे महत्त्व आहे ते कोरडवाहू प्रदेशातील वाचकांच्या सहसा ध्यानात येत नाही. देवरी तालुक्यात बांधीतील पाणी धुऱ्याने अडते, रोवणीच्या दिवसांत माणसांची व पऱ्ह्यांच्या जुड्यांची ये-जा धुऱ्यावरून होते, घरापुरती तूर धुऱ्यावर पिकते, आणि दोन खातेदारांमधील हद्दही पुष्कळदा तोच धुरा असतो. उन्हाळ्यात धुरा सावरताना एका बाजूने कुदळ दरसाल दोन बोटे अधिक चालली, तर दहा-बारा वर्षांत हद्द हातभर सरकते. दोघांपैकी कोणाच्या मनात कपट असलेच पाहिजे असे नाही. पण ज्या दिवशी एकाच्या ते ध्यानात येते त्या दिवशी बोलणे बंद होते, आणि पुढे हद्द कायम करण्याच्या मोजणीचा अर्ज तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात दाखल होतो. ६० मीटर लांबीचा धुरा २५ सेंटिमीटर सरकला तर त्यात १५ चौरस मीटर जमीन जाते, म्हणजे गुंठ्याच्या सातव्या हिश्श्याइतकी. पिकाच्या हिशेबाने ही जमीन अल्प आहे. भांडणाच्या हिशेबाने ती दोन पिढ्यांना पुरते.

अशा अर्जावर पूर्वी भूकरमापक येई तो साखळी, शंकू आणि फलकयंत्र घेऊन. सांप्रत त्याच्या हातात दांड्यावर बसवलेला रोव्हर असतो. भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्रात ७७ ठिकाणी उपग्रहांचे संकेत अहोरात्र नोंदविणारी कायम स्थानके उभारली असून त्यांना कॉर्स असे म्हणतात. राज्याचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर धरले तर एका स्थानकाच्या वाट्यास सुमारे ४,००० चौरस किलोमीटर प्रदेश येतो. २४ एप्रिल २०२० रोजी आरंभ झालेल्या स्वामित्व योजनेतील गावठाणांच्या मोजणीलाही अशाच स्थानकांचा आधार मिळाला. रोव्हर उभा करावा, क्षणभर थांबावे, आणि पडद्यावर जागेचा आकडा मिलिमीटरपर्यंत वाचावा, इतके काम सोपे झाले आहे. साखळी ओढताना तिचा एक टोकदार खिळा आपल्या बाजूस की शेजाऱ्याच्या, यावर डोळा ठेवून उभे राहणारे लगतधारक आता त्या पडद्याकडे पाहतात आणि गप्प होतात.

हा विश्वास बहुतांशी योग्य आहे. उपग्रहाची मोजणी साखळीपेक्षा अचूक आहे याविषयी वाद करण्याचे कारण नाही. तथापि उपग्रह आणि धुरा यांच्यामध्ये एक व्यवहार असा घडतो की जो लगतधारकाला दिसत नाही, भूकरमापकालाही पुष्कळदा दिसत नाही, आणि ज्याची नोंद राहिली नाही तर पुढे कोणालाच त्याचा माग काढता येत नाही. तो व्यवहार म्हणजे दुरुस्तीच्या संदेशांचे एका रूपातून दुसऱ्या रूपात होणारे भाषांतर. त्याची मांडणी कशी केली होती हा मोजणीचाच भाग समजला जावा आणि मोजणीच्या कागदावर लिहिला जावा, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

यासाठी आधी दुरुस्ती म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. जी.पी.एस. उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांचा संकेत खाली येताना आयनांबरातून व वातावरणाच्या ओलाव्यातून येतो आणि वाटेत रेंगाळतो. उपग्रहाच्या घड्याळाची व कक्षेची किंचित चूक त्यात मिसळते. म्हणून नुसत्या यंत्राने काढलेली जागा काही मीटर चुकते. परंतु ज्याची जागा आधीपासून पक्की ठाऊक आहे असे एक स्थानक जवळपास असेल, तर त्यालाही जवळजवळ तीच चूक अनुभवास येते. स्थानक आपली मोजमापे दर सेकंदाला कळविते, रोव्हर ती आपल्या मोजमापांतून वजा करतो, आणि सामाईक चूक निघून जाते. उरलेले काम संकेताच्या लहरी मोजण्याचे. जी.पी.एस.च्या पहिल्या वारंवारतेची लहर सुमारे १९ सेंटिमीटर लांबीची असते. उपग्रहापासून रोव्हरपर्यंत अशा नेमक्या किती पूर्ण लहरी मावतात हे एकदा ठरले, की जागा एक-दोन सेंटिमीटरपर्यंत निश्चित होते. ते ठरेपर्यंत पडदा 'फ्लोट' म्हणतो, ठरल्यावर 'फिक्स्ड' म्हणतो. 'फिक्स्ड' हा शब्द दिसताच भूकरमापक बटण दाबतो. त्या शब्दाचा अर्थ इतकाच, की लहरींची संख्या ठरली. स्थानकाने आपली म्हणून सांगितलेली जागा खरी होती किंवा नाही, हे त्या शब्दाने कळत नाही.

स्थानक आणि रोव्हर यांचे बोलणे ठरावीक संदेशांतून होते. त्या संदेशांचे नियम अमेरिकेत १९४७ साली स्थापन झालेल्या, मूळ सागरी रेडिओसेवेसाठी काम करणाऱ्या आर.टी.सी.एम. या संस्थेने घालून दिले आहेत. जहाजांना बंदरात सुखरूप आणण्यासाठी आखलेली परिभाषा आज धानाच्या बांधीत उपयोगी पडते. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक ३० बिटांच्या शब्दापैकी ६ बिट नुसत्या पडताळणीवर खर्ची पडत. २००४ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने ही उधळण थांबविली व संपूर्ण संदेशाच्या शेवटी एकदाच २४ बिटांची पडताळणी ठेवली. याच आवृत्तीत संदेशांना चार अंकी क्रमांक आले. १००४ म्हणजे जी.पी.एस.ची मोजमापे, १०१२ म्हणजे रशियाच्या ग्लोनास मालिकेची, १००५ म्हणजे स्थानकाची जागा. पुढे युरोपची गॅलिलिओ, चीनची बायडू व भारताची नाविक या उपग्रहमालिका आल्या. १ जुलै २०१३ रोजी आपला पहिला दिशादर्शक उपग्रह अवकाशात गेला त्याच वर्षी परिभाषेत एम.एस.एम. या नावाचे नवे, सर्व मालिकांना एकाच साच्यात बसविणारे संदेश दाखल झाले होते. १०७१ ते १०७७ जी.पी.एस.साठी, १०८१ ते १०८७ ग्लोनाससाठी, याप्रमाणे प्रत्येक मालिकेला सात क्रमांक मिळाले. नाविकच्या वाट्यास १९३१ नव्हे, ११३१ ते ११३७ हे क्रमांक आलेले आहेत. सदर आकडे यंत्रात भरताना होणारी चूक ही अशी एका अंकाची असते.

आता भाषांतराची गरज का पडते? नव्या स्थानकाचा संदेश एम.एस.एम. रूपात येतो आणि जुना रोव्हर केवळ १००४ व १०१२ समजतो, हे एक कारण. खासगी मोजणीदार, कंत्राटदार व शिक्षणसंस्था यांच्याकडे अशी यंत्रे आहेत, ती धडधाकट चालतात, आणि केवळ भाषा जुनी झाली म्हणून लाखाचे यंत्र टाकून देणे शहाणपणाचे नाही. दुसरे कारण देवरीसारख्या मुलखातच नीट समजते. डोंगर आणि साग-मोहाचे जंगल यांच्या आड मोबाइलचा संपर्क तुटक मिळतो. दुरुस्ती तर इंटरनेटवरून येते. अशा वेळी उंच टेकाडावर, जेथे संपर्क आहे तेथे, एक यंत्र ठेवून तेथून खाली खोलगट भागातील रोव्हरला रेडिओने संदेश पाठविणे हा मार्ग उरतो. या कामाचा रेडिओ पुष्कळदा सेकंदाला ९,६०० बिट इतक्याच वेगाचा असतो. ३२ उपग्रह व प्रत्येकाचे दोन संकेत धरले, तर एम.एस.एम.च्या विस्तृत, म्हणजे सातव्या रूपात दर सेकंदाला सुमारे ७,००० बिट लागतात. चौथ्या, म्हणजे संक्षिप्त रूपात सुमारे ४,५००. रेडिओच्या स्वतःच्या व्यवहारालाही त्या ९,६०० मधूनच वाटा द्यावा लागतो. संकेतांची संख्या वाढली की विस्तृत रूप त्यात मावत नाही, संदेश मागे पडू लागतात, आणि शिळी दुरुस्ती रोव्हरच्या काही उपयोगाची राहत नाही. अशा ठिकाणी संक्षेप करणे क्रमप्राप्तच होय.

देवरीच्या लोकांना दुभाषी नवा नाही. गोंडीत सांगितलेली हकीगत मराठी जबाबात उतरताना काय होते ते येथील कित्येक वृद्धांनी अनुभवले आहे. दुभाषी प्रामाणिक असला तरी काही शब्द गळतात, 'त्या मोहापासून वरच्या अंगाला' याचे 'झाडाजवळ' होते, आणि सही मात्र पूर्ण जबाबावर होते. उपग्रहाच्या संदेशांचा दुभाषी काय गाळतो आणि काय आपल्या पदरचे घालतो, हे म्हणून बारकाईने पाहिले पाहिजे.

संक्षेपाने आकड्यांचा बारीकपणा किती जातो, याची भीती सर्वसाधारणपणे वाटते तेवढी खरी नाही. विस्तृत रूपात अंतराचा आकडा सुमारे अर्ध्या मिलिमीटरच्या पायरीने लिहिलेला असतो, संक्षिप्त रूपात सुमारे १.८ सेंटिमीटरच्या, पण ज्या लहरींच्या मोजमापावर शेवटची अचूकता अवलंबून असते त्यांचा आकडा संक्षिप्त रूपातही सुमारे अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जपलेला असतो. जुन्या १००४ मध्येही हे प्रमाण जवळजवळ असेच आहे. याचा अर्थ, टेकाडावर सातव्या रूपाचे चौथे रूप करणाऱ्या माणसाने धुऱ्यावर अन्याय केला असे म्हणता येत नाही. १००४ आणि १०१२ मध्ये उतरविणाऱ्याने मात्र गॅलिलिओ, बायडू व नाविक या तिन्ही मालिका एका फटक्यात गाळलेल्या असतात, आणि जी.पी.एस.ची तिसरी वारंवारताही गाळलेली असते. उघड्या माळावर हे खपून जाते. जंगलाच्या कडेच्या बांधीत, जेथे अर्धे आकाश झाडांनी झाकलेले असते, तेथे उरलेल्या दोन मालिकांचे पाच-सहा उपग्रह दिसतात न दिसतात, आणि लहरींची संख्या चुकीची ठरण्याचा संभव वाढतो. ग्लोनासच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. निरनिराळ्या कारखान्यांची यंत्रे तिचे संकेत किंचित वेगळ्या रीतीने मोजतात. हा फरक कळविण्यासाठी १२३० क्रमांकाचा लहानसा संदेश आहे. दुभाष्याच्या यादीतून तो राहून गेला, की ग्लोनास नावापुरती उरते.

याहून गंभीर चूक १००५ या संदेशात होऊ शकते. हा संदेश स्थानकाची जागा सांगतो, आणि मूळ परिभाषेत ती मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत लिहिण्याची सोय आहे. परंतु भाषांतर करणाऱ्या काही संगणक-प्रणालींत ही जागा माणसाने अक्षांश-रेखांशांच्या रूपाने हाताने भरावी लागते. अक्षांशाच्या अंशांत दशांशचिन्हानंतर पाचव्या स्थानी एकाचा फरक पडला तर जमिनीवर सुमारे १.१ मीटर फरक पडतो. कोणी घाईने पाच आकडे लिहून पुढचे सोडले, अथवा स्थानकाची पक्की जागा हाताशी नसल्यामुळे यंत्राने दाखविलेली कामचलाऊ जागा भरली, तर संपूर्ण मोजणी तेवढीच सरकते. आणि येथेच खरा धोका आहे. सरकलेल्या मोजणीत गटाचा आकार बरोबर निघतो, बाजूंच्या लांब्या बरोबर निघतात, क्षेत्र सातबाऱ्याशी जुळते. पडद्यावर 'फिक्स्ड' दिसते. शेतकरी ज्या एका गोष्टीवरून मोजणीची पारख करतो ती, म्हणजे क्षेत्र, सर्वथा निर्दोष असते. त्या दिवशी भूकरमापकाने जुने दगड त्याच यंत्राने मोजून त्यांच्याशी नकाशा बसविला असेल, तर धुराही योग्य जागीच दाखविला जाईल. चूक कागदात दडून राहते. चार वर्षांनी शेजाऱ्याने मोजणी मागविली, दरम्यान जुना दगड नांगरटीत गेला, नव्या भूकरमापकाने जुन्या कागदावरचे आकडे घेऊन योग्य दुरुस्तीच्या आधारे तीच जागा शोधली, की धुरा मीटरभर दूर निघतो. दोघांच्या हाती शासनाच्या शिक्क्याचे कागद, दोन्हींत क्षेत्र बरोबर, आणि मध्ये एक पट्टा दोघांचाही.

काही चुका अगदीच क्षुल्लक कारणाने होतात. प्रत्येक संदेशात स्थानकाचा क्रमांक असतो. मोजमापांच्या संदेशात एक क्रमांक व जागेच्या संदेशात दुसरा पडला तर रोव्हर दोहोंचा मेळ घालू शकत नाही. एम.एस.एम. संदेशांत 'अजून पुढे आहे' असे सांगणारी एक बिटाची खूण असते. दुभाष्याने बायडूचा संदेश गाळला, पण त्याच्या आधीच्या संदेशातील ती खूण तशीच ठेवली, तर रोव्हर न येणाऱ्या पाहुण्याची वाट पाहात बसतो आणि दर सेकंदाचे उत्तर उशिराने देतो. भूकरमापकाला वाटते, आज संपर्क बरा नाही. १००५ दर दहा सेकंदांनी पाठविण्याऐवजी कित्येक मिनिटांनी पाठविला तरी हाच अनुभव येतो. अशा चुकांनी वेळ जातो, जमीन जात नाही; म्हणून त्यांची फार चिंता करण्याचे कारण नाही.

तालुक्याच्या दृष्टीने विचार करावयाची गोष्ट वेगळीच आहे. दुरुस्ती इंटरनेटवरून पोचविण्याची जी रीत २००४ मध्ये आर.टी.सी.एम.ने मान्य केली, जर्मनीच्या नकाशा व भूगणित खात्याने जिच्या घडणीत पुढाकार घेतला, आणि जिला एनट्रिप असे नाव आहे, तिच्यात रोव्हर आपली ढोबळ जागा आधी वर कळवितो. स्थानकांचे जाळे त्या जागेपुरती खास दुरुस्ती तयार करते, जणू रोव्हरच्या शेजारीच एक स्थानक आहे. आता मध्ये भाषांतर करणारा संगणक तालुक्याच्या ठिकाणी बसविला आणि त्याने आपलीच जागा वर कळविली, तर दुरुस्ती देवरीची तयार होते व ती वापरली जाते २०-२५ किलोमीटर दूर, ककोडीच्या अंगाला. अंतरामुळे साधारणपणे दर किलोमीटरला एक मिलिमीटर चूक धरली तरी दोन-अडीच सेंटिमीटर झाली. त्यातही आयनांबराची खळबळ विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत अधिक असते, आणि भारताचा मध्यभाग अशा पट्ट्याजवळ येतो. दुपारनंतर व सूर्यास्तानंतरच्या काही तासांत ही चूक याहून वाढू शकते. जाळ्याने मोठ्या खर्चाने जे साधले ते मधल्या संगणकाने घालविले. यास्तव दुभाष्याने खालचा निरोप वर जसाच्या तसा पोचवावा, स्वतःचा सांगू नये, ही अट अगत्याची आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. विदर्भातील जुन्या गावनकाशांचे प्रमाण १६ इंचाला १ मैल, म्हणजे जवळजवळ १:४,००० इतके. त्यावरील अर्ध्या मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर दोन मीटर होते. नकाशाच जर दोन मीटरांचा आहे तर संदेशांच्या मिलिमीटरांची चिकित्सा कशास? नकाशाबाबत हे म्हणणे खरे आहे. जुन्या नकाशाने कधीही सेंटिमीटरचा दावा केला नव्हता. रेघेची जाडी पाहणाऱ्याला दिसे, आणि गावचे चार वृद्ध, चांद्याचा दगड व वहिवाट यांच्या साहाय्याने त्या जाडीच्या आत तडजोड होई. नव्या कागदावर रेघेऐवजी आकडा येतो. आकड्याला जाडी दिसत नाही. तो न्यायालयात दशांशासह वाचला जातो. ज्या कागदाने तडजोडीची जागा काढून घेतली त्याच्यावर आपला आकडा कोठून आला हे सांगण्याची जबाबदारी अधिक येते.

मोजणीच्या शास्त्रात ही मागणी नवीन नाही. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ पायारेषा मोजण्यास विल्यम लॅम्टन यांनी आरंभ केला तेव्हा १०० फुटांची पोलादी साखळी लाकडी पेट्यांत ठेवून तिच्याशेजारी उष्णतामापक मांडले होते. उन्हाने साखळी किती वाढली ते मोजून प्रत्येक मापातून वजा केले जाई आणि ती वजाबाकी लिहून ठेवली जाई. दोन शतकांनंतरही त्यांचे काम पुन्हा तपासता आले ते या नोंदींमुळे. लॅम्टन यांचा अंत २० जानेवारी १८२३ रोजी विदर्भातच, हिंगणघाट येथे झाला व त्यांची समाधी तेथे आहे. साखळीची दुरुस्ती ज्या शिस्तीने लिहिली गेली त्या शिस्तीने उपग्रहाची दुरुस्ती न लिहिण्याचे कारण दिसत नाही. उलट आज ती लिहिणे कितीतरी सोपे आहे, कारण ती यंत्रातच असते, फक्त कागदावर उतरवावयाची असते.

यास्तव शेतकऱ्याला मोजणीनंतर मिळणाऱ्या 'क' प्रतीवर क्षेत्र व हद्दीच्या खुणा यांजबरोबर चार ओळींची जागा असावी: दुरुस्ती कोणत्या स्थानकाची किंवा जाळ्याची, ती कोणत्या क्रमांकांच्या संदेशांत रोव्हरपर्यंत आली, मध्ये भाषांतर झाले असल्यास कोठे व कशाचे कशात, आणि काम सुरू करताना व संपविताना कोणत्या ज्ञात खुणेवर तपासणी केली व किती फरक आला. मोजणी मान्य नसेल तर शेतकरी निमताना मोजणी मागतो, त्यावरही समाधान न झाल्यास सुपर निमताना. वरिष्ठ अधिकाऱ्यापुढे दोन आकडे येतात. या चार ओळी असतील तर कोणता आकडा का चुकला हे तो सांगू शकेल. नसतील तर त्याला तिसरा आकडा काढण्यापलीकडे काही करता येणार नाही, आणि खर्च अर्जदाराचा होईल.

भाषांतर गावोगाव आपापल्या समजुतीने होऊ नये, हीही गोष्ट ओघाने येते. जपानच्या तोमोजी ताकासू यांची आर.टी.के.लिब ही प्रणाली कोणालाही मोफत मिळते, तिच्यात कोणता संदेश किती सेकंदांनी पाठवावयाचा हे एका ओळीत लिहिता येते, आणि हुशार तरुण ती ओळ अर्ध्या तासात लिहितो. या हुशारीचे कौतुकच केले पाहिजे. परंतु हद्द कायम करण्याच्या कामासाठी ती ओळ एकदाच, राज्याच्या पातळीवर, जाणत्या माणसांनी लिहावी: एक प्रवाह पूर्ण रूपात, एक संक्षिप्त एम.एस.एम. रूपात, आणि एक जुन्या यंत्रांपुरता १००४, १०१२, १००५ व १२३० यांचा, प्रत्येकाला वेगळे, ओळखता येईल असे नाव. रेडिओच्या टेकाडावर कोणाला संक्षेप करावाच लागला तर संक्षिप्त प्रवाह आयता मिळेल. शेवटच्या प्रवाहाच्या नावातच 'जुना' हा शब्द असावा, म्हणजे जंगलाच्या कडेला तो लावताना हात थोडा थबकेल.

देवरी तालुक्यात या प्रश्नाला वनहक्काची किनार आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर जास्तीत जास्त ४ हेक्टरपर्यंत हक्क मान्य होतो. या जमिनींचे मोजमाप करण्यास हातात मावणारी जी.पी.एस. यंत्रेही वापरली गेली आहेत. असल्या यंत्राला दुरुस्ती मिळत नाही व झाडाखाली त्याची चूक कित्येक मीटर असते. अशा पट्ट्याची फेरमोजणी होईल तेव्हा तिच्या एका बाजूस राखीव वन असेल आणि दुसऱ्या बाजूस एक कुटुंब, ज्याच्याकडे नकाशाशी वाद घालण्याचे साधन नाही. तेथे दगड नाहीत, धुरेही पुरते नाहीत, जुना गावनकाशा बहुधा रिकामा आहे. आकडा हाच एकमेव साक्षीदार. ज्या झाडीमुळे उपग्रह कमी दिसतात त्याच झाडीत हे पट्टे आहेत, म्हणून जास्तीत जास्त मालिका जपणारा प्रवाह प्रथम येथे पोचला पाहिजे, शहराच्या भूखंडांकडे नंतर. प्रत्यक्षात क्रम उलटा लागण्याचाच संभव अधिक, कारण संपर्क शहरात चांगला मिळतो.

शेतीच्या इतर कामांतही ही दुरुस्ती शिरू लागली आहे. फवारणीचे ड्रोन तिच्यावर ओळ धरतात. तेथे चार बोटांचा फरक पडला तरी पीक तक्रार करीत नाही. बांधी सपाट करणे किंवा मामा तलावातून निघणाऱ्या पाटाचा उतार धरणे यांत मात्र उंचीला महत्त्व आहे. स्थानकाच्या अँटेनाची जात सांगणारे १००८ व १०३३ हे संदेश भाषांतरात गळाले, किंवा एकदा केलेली अँटेनाची वजाबाकी रोव्हरने पुन्हा केली, तर चूक मुख्यतः उंचीत येते आणि ती काही सेंटिमीटरांची असू शकते. सपाट मुलखात पाटाला शंभर मीटरमागे उतार तेवढाच असतो.

नवी व्यवस्था होईपर्यंत मोजणीच्या दिवशी लगतधारकांना एक गोष्ट सहज करता येण्यासारखी आहे. गावात ज्याविषयी कोणाचा वाद नाही असा एखादा जुना चांद्याचा दगड, मंदिराच्या ओट्याचा कोपरा किंवा पुलाचा कठडा ठरवावा, आणि धुऱ्यावर जाण्यापूर्वी रोव्हर त्यावर उभा करण्याची विनंती भूकरमापकास करावी. तो आकडा पंचांसमक्ष कागदावर लिहून घ्यावा. काम आटोपल्यावर परतताना यंत्र बंद करून, पुन्हा सुरू करून, त्याच जागी दुसऱ्यांदा आकडा घ्यावा. पुढे शेजारच्या गटाची मोजणी होईल तेव्हा, भूकरमापक कोणीही असो आणि त्याच्या यंत्रात कोणताही दुभाषी बसलेला असो, त्यालाही प्रथम त्याच दगडाकडे न्यावे आणि जुना कागद त्याच्या हाती द्यावा.